नऊ दिवसांचे देणे

ऑगस्ट हासेनकांप घोड्यांची खोगिरे शिवत असे. मिलवॉकीच्या न्यायालयात तो आयुष्यात एकदाच उभा राहिला, तोही वकिलाविना आणि इंग्रजीविना, आणि दुकान गमावून बाहेर पडला. त्याने स्वतः अर्धपोटी राहून मुलाला, एमिलला, कायदा शिकवला. एमिलचा मुलगा रोलंड याने बापाच्या एका खोलीच्या कचेरीचे तीन मजले केले आणि दाराच्या काचेवर सोनेरी अक्षरांत घराण्याचे नाव लिहवून घेतले. या रोलंडची एकुलती एक मुलगी लिओनोरा. तिच्यापर्यंत दोन गोष्टी न चुकता उतरल्या होत्या: ताठ मान, आणि कुणाचेही उपकार अंगावर न ठेवण्याचा घराण्याचा बाणा.

मानेला बहात्तराव्या वर्षीही बाक आला नव्हता. बाणा मात्र एकदा मोडला होता. तो जिच्यामुळे मोडला, त्या बाईचे नाव फेडरल न्यायालयाच्या तिसऱ्या मजल्यावरील पितळी फलकावर पाच वेळा कोरलेले होते.

फलक स्वयंसेवक वकिलांचा होता. दिवाणी दाव्यात गरिबाला वकील पुरवणे सरकारवर बंधनकारक नाही. ज्याला वकील परवडत नाही, तो हाताने लिहिलेला दावा घेऊन एकटाच उभा राहतो आणि बहुतेक वेळा एकटाच हरतो. एखाद्या दाव्यात दम आहे असे न्यायाधीशांना वाटले, तर ते स्वयंसेवकांच्या यादीतील एखाद्याला विनंती करतात, आणि तो वकील एक पैसाही न घेता वकीलपत्र स्वीकारतो. अशांपैकी एकाचे नाव दरवर्षी फलकावर चढे. वांडा गापिन्स्की: पाच वेळा. लिओनोरा हासेनकांप: एकदा. तेही वांडा खुब्याचे हाड मोडून सात महिने घरी बसली होती, त्या वर्षी.

वांडा शहराच्या दक्षिण भागातली, कातडी कमावण्याच्या कारखान्यात चामडी धुणाऱ्याची मुलगी. दिवसा टंकलेखन आणि संध्याकाळी कायद्याचे वर्ग करून ती वकील झाली. तिचा तपकिरी कोट कोपरांवर झिजलेला असे, आणि कॉरिडॉरमध्ये ती हसली की ते वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाई. पहारेकरी तिच्यासाठी कॉफी आणून ठेवत. लिओनोराला ते अदबीने दार उघडून देत. कॉफी तिला कुणी कधी विचारली नव्हती. फलकासमोरून जाताना ती हातमोज्याने त्यावरची धूळ झटके, आणि धूळ नेमकी वांडाच्या नावांवर कशी साचत नाही, याचे तिला दरवेळी नव्याने वैषम्य वाटे.

फेब्रुवारीत लिओनोरा स्वयंसेवकांची यादी सांभाळणाऱ्या डेल्फीनच्या टेबलाशी उभी होती. समोर नव्याने आलेले दावे पडले होते. त्यातला एक रेघी कागदावर, निळ्या शाईत लिहिलेला होता: ‘मी सॉसेजच्या कारखान्यात अकरा वर्षे काम केले. एक दिवसही उशिरा आले नाही. माझे वडील वारले. आमच्या धर्माप्रमाणे मी चार दिवस मागितले. मला कामावरून काढले.’ खाली सही होती: पा हुआ लोर.

लिओनोराने तो कागद दोनदा वाचला. पाच वाक्यांत दावा बसवणारी माणसे तिने आपल्या वर्गातही फारशी पाहिली नव्हती, आणि विद्यापीठात तिने एकोणीस वर्षे शिकवले होते.

“हा दावा मी घेईन,” ती म्हणाली.

डेल्फीन चष्म्यावरून पाहत म्हणाली, “मिस हासेनकांप, तो गेला.”

“कुणाकडे?”

“पाळी वांडाची होती.”

“पाळी! मागच्या महिन्यात पाळी कुणाची होती?”

“तुमचीच होती. तुम्ही म्हणालात, तुरुंगातल्या दातदुखीचे दावे मी घेत नाही.”

लिओनोराने कागद जागेवर ठेवला आणि त्याची कड टेबलाच्या कडेशी नीट जुळवली. मनात मात्र ठिणगी पडली होती. चांगले ते सारे त्या झिजलेल्या कोपरांच्या बाईच्याच पदरात कसे पडते?

या जळफळाटाचे मूळ फार जुने होते, आणि ते पृथ्वीच्या पाठीवर दोघींनाच ठाऊक होते.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी, वडिलांच्या कचेरीत नवी असताना, लिओनोरा एका दाव्यात वांडाच्या विरुद्ध उभी होती. वांडाने तिला कबुलीपत्रक पाठवले. ही फेडरल न्यायालयातली जुनी चाल. एक पक्ष दुसऱ्याला वाक्यांची यादी पाठवतो: हे कबूल करा, ते कबूल करा. तीस दिवसांत ‘नाकबूल’ असे लेखी उत्तर गेले नाही, तर प्रत्येक वाक्य कबूल केले असे कायदा धरून चालतो. मग ते कितीही खोटे असो. लिओनोरा जुलैच्या सुट्टीत उत्तरेला तळ्याकाठच्या घरी गेली होती. परत आल्यावर तिने लिफाफा उघडला आणि तीस दिवस मोजले ते उघडल्या दिवसापासून. चूक लक्षात आली तेव्हा मुदत टळून तीन दिवस झाले होते. वडिलांना सांगण्याची हिंमत नव्हती. ती दक्षिण भागात, एका बेकरीच्या वरच्या वांडाच्या खोलीत गेली आणि दारातच उभी राहिली.

वांडाने तिच्याकडे एकदा पाहिले, टंकलेखनयंत्रात कागद घातला आणि लिहिले: ‘उभय पक्षांच्या संमतीने, उत्तरासाठी आणखी नऊ दिवस द्यावेत.’ सही केली. म्हणाली, “कर सही. आणि खाली जाऊन काहीतरी खाऊन घे, पांढरीफटक पडलीयेस.” न्यायाधीशांनी दुसऱ्याच दिवशी तो अर्ज मंजूर केला.

आणि वर तो खटला वांडाने सरळसरळ जिंकलाही!

जिंकली नसती, तर कदाचित क्षमा करता आली असती. कुणाजवळ बोलली असती, तरी करता आली असती. वांडा त्रेचाळीस वर्षांत एका शब्दानेही कुठे बोलली नाही. रोलंड हासेनकांप आपल्या मुलीने कधी एक मुदतही चुकवली नाही, या समाधानात डोळे मिटून गेला. त्या मौनाचे ओझे लिओनोराने एकटीने वाहिले, आणि दरवर्षी ते थोडे जड होत गेले.

ईस्टरआधीच्या उपवासाच्या शुक्रवारी सारे शहर तळलेले मासे खायला बाहेर पडते. अशाच एका शुक्रवारी दुपारी वांडाचा फोन आला: मासे खायला ये. लिओनोरा लूथरपंथी; तिच्या घरी हे उपवास कुणी केले नव्हते, परंतु मासे तिला आवडत. ती चर्चच्या तळघरातल्या लांब टेबलाशी जाऊन बसली. समोर मासे, बटाट्याची धिरडी आणि राईच्या पिठाचा पाव. वांडा काट्याने मासा उचलू पाहत होती आणि काटा पुन्हा पुन्हा ताटलीवर वाजत होता.

“हाताला काय झालं?” लिओनोराने विचारले.

“हाताला नाही. डोक्याला. जानेवारीत छोटासा झटका येऊन गेला. चालते, बोलते, पण मधेच शब्द पळून जातात.” वांडा हसली. “बघ, देवानं एकदाचं माझं तोंड बंद करायचं ठरवलं. तुला बरं वाटलं असेल.”

“वायफळ बोलू नकोस. कोर्टाला कळवलंस?”

“कळवलं तर यादीतनं नाव काढतील.”

लिओनोराच्या हृदयात काहीतरी उडी मारून उठले. त्याला आनंद म्हणणे लाजिरवाणे होते, आणि दुसरे नाव नव्हते. डेल्फीनच्या कानावर एक वाक्य घातले की पुरे. यादीतून नाव जाईल, फलकावर सहावे नाव चढणार नाही, आणि तो निळ्या शाईतला दावा आपसूक तिच्याकडे येईल. सारे नियमाला धरून.

“पा हुआचं एक लफडं झालंय,” वांडा सांगू लागली. “मी येण्याआधीच कंपनीनं तिला कबुलीपत्रक धाडलं होतं. तिनं उत्तरच दिलं नाही. तीस दिवस उलटून गेले. आता त्यांचा वकील म्हणतो, बाईनं सगळं कबूल केलंय, साक्षीपुराव्याची गरजच नाही, दावा काढून टाका. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी सुनावणी.”

“मग कबुल्या मागे घेण्याचा अर्ज? तो केलास ना?”

वांडाने काटा खाली ठेवला. “तीनदा लिहायला घेतला, नोरा. तिन्ही वेळा अर्ध्यावर आले आणि काय लिहीत होते तेच विसरले. मधे नऊ दिवस उरलेत.”

लिओनोराने तिच्याकडे रोखून पाहिले. “मुद्दाम नऊ दिवस उरेपर्यंत थांबलीस?”

“अगं बाई, माझ्या डोक्यात आता एवढं राहतं होय!” वांडा म्हणाली. परंतु डोळ्यांत ते जुने, बेकरीवरच्या खोलीतले हसू होते, किंवा नसेलही.

“दावा माझ्याकडे दे. पहिल्या खुर्चीत, मुख्य वकील म्हणून, मी बसेन.”

“घे की.”

इतक्या सहज दिलेले काही हासेनकांपांच्या घशाखाली उतरत नसे. मासा गार होऊन गेला.

शनिवारी दोघी पा हुआच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. पा हुआ सेहेचाळीस वर्षांची, बुटकी, मनगटांनी भक्कम. तिने न विचारता दोघींपुढे भात आणि मोहरीच्या पाल्यात उकडलेले डुकराचे मांस ठेवले. वांडासाठी चमचा आधीच काढून ठेवलेला होता. तो चमचा पाहूनही लिओनोराला टोचले.

“मावशी, खा,” पा हुआ वांडाला म्हणाली. मग लिओनोराकडे वळून, “वकीलबाई, तुम्हीपण.”

लिओनोराने कबुलीपत्रक पुढे सरकवले. “हे तुला इंग्रजीत आलं होतं. वाचता येत होतं ना?”

“हो तर. सगळं वाचलं.”

“मग उत्तर का नाही दिलंस?”

पा हुआने पहिल्या ओळीवर बोट ठेवले. “इथे लिहिलंय, ‘तुम्ही न सांगता काम सोडून गेलात हे कबूल करा.’ खोटं. मी मुकादमाच्या हातात चिठ्ठी दिली होती. इथे, ‘चार दिवस हजर राहणे तुमच्या धर्मात आवश्यक नाही हे कबूल करा.’ हेपण खोटं. चार दिवस केंगचा पावा वाजत होता, बाबांच्या आत्म्याला पुढची वाट सांगत होते, आणि लेक सॉसेज भरत बसणार? सगळी यादीच खोटी.” ती शांतपणे म्हणाली, “माझी आई सांगायची, दारात उभं राहून कुणी खोटं बोललं तर वाद घालू नये, दार लावून घ्यावं. उत्तर दिलं की त्याला वाटतं, आपल्या बोलण्यात काहीतरी आहे. म्हणून मी दार लावलं.”

अख्खे पत्रक तिने शहाणपणाने वाचले होते, आणि नेमक्या त्या शहाणपणानेच ती बुडत होती.

“आता हा दावा मी चालवणार,” लिओनोरा म्हणाली. “वांडाची प्रकृती—”

“नाही.” पा हुआने मान हलवली. “माझी वकील मावशी आहे.”

“अगं, हिला शब्द सापडत नाहीत!”

“मलापण इंग्रजीत सापडत नाहीत. मावशी बसून राहते, सापडेपर्यंत. तुम्ही हवं तर मदत करा.”

वांडा भातात डोके घालून हसत होती, खांदे हलत होते. आणि ऑगस्टची पणती, एमिलची नात, रोलंडची मुलगी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी दुसऱ्या खुर्चीची वकील झाली.

तिने काम मात्र हासेनकांपांना शोभेल असे केले. रोज सकाळी आठला ती वांडाच्या दारात उभी असे. अर्ज तिने लिहिला. वांडाने ऐकून त्यातले अर्धी विशेषणे काढून टाकली, आणि अर्ज सुधारला, याचाही तिला राग आला. चिठ्ठी घेतलेल्या मुकादमाचे शपथपत्र वांडाने एका फोनवर मिळवले, कारण मुकादमाच्या आईचे घर तिने कधीकाळी वाचवले होते. असे धागे लिओनोराजवळ नव्हते. तिच्याजवळ नियम होते. बुधवारी अर्ज दाखल झाला. त्यावर पहिली सही वांडाची होती, तिच्याखाली लिओनोराची. आपले नाव कुणाच्या खाली कसे दिसते, हे तिने प्रथमच पाहिले.

दर संध्याकाळी घरी जाताना तिला ते एक वाक्य आठवे, जे डेल्फीनच्या कानावर घालता आले असते. सोमवारपर्यंत ते तिच्या जिभेवरच राहिले.

सुनावणीच्या सकाळी कंपनीचा वकील, क्विनलन नावाचा गुळगुळीत तरुण, आधीच येऊन बसला होता. पा हुआ काळ्या झग्यात, हात मांडीवर ठेवून बसली. वांडा उठली.

“न्यायाधीशमहाराज, माझ्या अशिलाने खोट्याला उत्तर दिले नाही, कारण तिला वाटले की न बोलणे हाच नकार. तिच्याजवळ वकील नव्हता. तिला ठाऊक नव्हते की या कागदाला एक... एक...”

शब्द पळाला. वांडाचे ओठ हलले आणि थांबले. क्विनलनने मान वर केली.

लिओनोराचे गुडघे सरळ होऊ लागले. उभे राहायचे, आणि तो शब्द साऱ्यांसमोर, खणखणीत आवाजात म्हणायचा. त्रेचाळीस वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली, तो असा ताटात वाढून आला होता.

ती बसली. पिवळ्या कागदावर तिने मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला आणि कागद वांडाच्या हाताखाली सरकवला.

“...मुदत असते,” वांडा म्हणाली, आणि पुढचे सारे न अडखळता बोलून बसली.

क्विनलन उठला. “न्यायाधीशमहाराज, सहानुभूती वेगळी आणि नियम वेगळा. तीस दिवसांची सूचना पहिल्याच पानावर ठळक छापलेली होती. तीसपर्यंत मोजणे लहान मुलालाही जमते. ज्याला जमत नाही, त्याला न्यायालयाने किती सांभाळून घ्यायचे?”

“काही उत्तर?” न्यायाधीशांनी विचारले.

वांडा म्हणाली, “माझ्या सहकारी देतील.” आणि लिओनोराकडे पाहिले; त्या पाहण्यात काही मागणे नव्हते. मागणे असते, तर लिओनोरा उठली नसती.

“न्यायाधीशमहाराज,” ती म्हणाली, “नियम दोन गोष्टी विचारतो. कबुल्या मागे घेतल्याने दाव्यातले खरे-खोटे तपासता येईल का? येईल, मुकादमाचे शपथपत्र समोर आहे. समोरच्या पक्षाचे काही बिघडेल का? काही नाही, त्यांचे साक्षीदार तेच, कागद तेच. कायद्यापुरते उत्तर एवढेच.” तिने चष्मा काढला. “राहता राहिले मोजणे. माझे विद्वान मित्र म्हणतात, तीसपर्यंत मोजणे लहान मुलालाही जमते. मला जमले नव्हते.”

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली.

“माझे आजोबा वकील, माझे वडील वकील. हाच नियम मी एकोणीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवला. तो शिकवण्याआधी, याच इमारतीत, मी कबुलीपत्रकाची मुदत चुकवली होती. दिवस चुकीच्या तारखेपासून मोजले. समोरच्या वकिलाच्या एका शब्दाने माझा पक्ष बुडाला असता. त्या वकिलाने तो शब्द उच्चारला नाही. स्वतः अर्ज टंकून मला नऊ दिवस दिले, मग पुराव्यावर मला हरवले, आणि त्रेचाळीस वर्षांत हे कुणालाही सांगितले नाही. माझे वडील मरेपर्यंत त्यांना कळले नाही. त्या वकीलबाई माझ्या शेजारी, पहिल्या खुर्चीत बसल्या आहेत. मला जे मिळाले, तेच या बाईसाठी मागते. याहून एक दिवस जास्त नाही.”

वांडा समोरच्या लाकडी कठड्याकडे पाहत राहिली.

न्यायाधीशांनी काही वेळ कागद चाळले. मग त्यांनी कबुल्या मागे घेण्यास परवानगी दिली, दावा काढून टाकण्याचा अर्ज फेटाळला, आणि पा हुआ लोरला उत्तरे दाखल करण्यास मुदत दिली. नऊ दिवस.

“म्हणजे?” पा हुआने वांडाला हळूच विचारले.

“म्हणजे आता तुझं म्हणणं ऐकल्याशिवाय कुणाला निकाल देता यायचा नाही. प्रत्येक वाक्यापुढे ‘खोटं’ लिहायचं.”

“सगळ्यांपुढे?”

“सगळ्यांपुढे. दार उघडून, तोंडावर.”

पा हुआने तिला मिठी मारली. मग लिओनोरापुढे येऊन दोन्ही हातांनी तिचा हात धरला. मिठी वांडालाच मिळाली, हे लिओनोराच्या नजरेतून सुटले नाही.

कॉरिडॉरमध्ये पहारेकऱ्याने वांडासाठी कॉफी आणून ठेवली होती. वांडाने कप लिओनोराकडे सरकवला. “घे. पांढरीफटक पडलीयेस.”

लिओनोराने कप घेतला. दोघी फलकाखालच्या बाकावर बसल्या.

“कशाला सांगितलंस गं सगळ्यांना?” वांडा म्हणाली. “मी कुणाला बोलले नव्हते. बोलणारही नव्हते.”

“ठाऊक आहे. तेच तर सोसवत नव्हतं.” लिओनोराने एक घोट घेतला, कॉफीत साखर फार होती. “मोजून घे. शनिवारपासून कालपर्यंत. रोज सकाळी आठला.”

वांडाने खरोखरच बोटांवर मोजले. एका बोटावर अडखळली, मागे गेली, पुन्हा मोजत आली.

“नऊ,” ती म्हणाली. “फिटलं सगळं, नोरा. आता माझ्यावर जळायला तुझ्याकडे काही कारण उरलं नाही.”

लिओनोराने मान वर करून फलकावरची ती पाच नावे एकेक करून वाचली.

“कारणं पाच आहेत, आणि वर्षअखेरीस सहा होतील,” ती म्हणाली. “देणं मात्र नाही.”